प्रवासात इन्सुलिन थंड कसे ठेवावे? गाडीसाठी आईसबॉक्स, कूलर की छोटा फ्रीज?

मे महिन्यात मलकापूर किंवा खामगावहून कुटुंब गाडीने निघते. सकाळी शेगावला दर्शन, दुपारी लोणारचे सरोवर, रात्री सिंदखेड राजाला पाहुण्यांकडे मुक्काम असा बेत असतो. जेवणाचे डबे आणि पाण्याचे जार भरून होतात आणि मग आजी विचारते, "माझं इन्सुलिन कुठं ठेवलं?" कोणीतरी ते थंड पाण्याच्या बाटल्यांसोबत बर्फात टाकते, कोणी डॅशबोर्डच्या खणात ठेवते. या दोन्ही जागा चुकीच्या आहेत.

गाडीत ठेवायचे कूलर आणि फ्रीज आता बाजारात सहज मिळतात. "कोणता घेऊ?" असे रुग्ण आणि नातेवाईक विचारतात. औषधासाठी बॉक्स निवडताना किती बाटल्या मावतात हे फार महत्त्वाचे नसते. आत तापमान किती राहते आणि ते किती तास टिकते, हे पाहायचे असते. एक दिवसाच्या सहलीला बहुतेकांना महागड्या फ्रीजची गरज पडत नाही. मात्र चुकीच्या पद्धतीने भरलेला साधा आईसबॉक्स औषध वाया घालवू शकतो.

इन्सुलिनला किती थंडावा लागतो?

याचे दोन भाग आहेत आणि ते वेगळे समजून घ्यायला हवेत.

न उघडलेले इन्सुलिन, म्हणजे पुढच्या महिन्यासाठी आणलेली बाटली, पेन किंवा कार्ट्रिज, २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवायचे असते. घरच्या फ्रीजचा मधला कप्पा साधारण इतका थंड असतो. अशा प्रकारे ठेवल्यास ते छापील मुदतीपर्यंत टिकते.

वापरात असलेले इन्सुलिन फ्रीजमध्ये असलेच पाहिजे असे नाही. बहुतेक प्रकार २५ ते ३० अंशांपेक्षा कमी तापमानात सुमारे चार आठवडे वापरता येतात. काहींची मुदत सहा ते आठ आठवडे असते. तुमच्या औषधाची नेमकी मुदत खोक्यातल्या माहितीपत्रकात दिलेली असते. बाटली किंवा पेन उघडल्याची तारीख त्यावर पेनाने लिहून ठेवा.

माहितीपत्रकात "खोलीचे तापमान" असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ २५ ते ३० अंश असा आहे. घाटाखालच्या भागात मे महिन्यात बाहेरचा पारा ४२-४४ अंशांवर जातो आणि पत्र्याच्या घरातली खोली दुपारी ३५-४० अंशांना सहज पोहोचते. म्हणजे आपली उन्हाळ्यातली खोली माहितीपत्रकातल्या खोलीत बसत नाही. उन्हात उभी केलेली बंद गाडी तर त्याहून वाईट. तासाभरात आतली हवा बाहेरच्यापेक्षा २० अंशांपर्यंत जास्त तापू शकते आणि डॅशबोर्ड त्याहूनही गरम होतो.

जास्त धोका कशाचा, उष्णतेचा की बर्फाचा?

इन्सुलिन हे प्रथिन आहे. उष्णतेने त्याची ताकद हळूहळू कमी होते. गोठल्यावर मात्र त्याची रचना एकदाच आणि कायमची बिघडते. गोठलेले इन्सुलिन पुन्हा वितळले तरी ते वापरायचे नसते.

उष्णतेबाबत थोडा दिलासाही आहे. डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स ही संस्था आणि जिनिव्हा विद्यापीठ यांनी केनियातील दागाहाले निर्वासित छावणीतल्या परिस्थितीचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. दिवस-रात्र २५ ते ३७ अंशांदरम्यान बदलणाऱ्या तापमानात चार आठवडे ठेवलेल्या इन्सुलिनची ताकद फ्रीजमधल्या इन्सुलिनइतकीच राहिली, असे त्यात दिसले. याचा अर्थ इन्सुलिन कसेही ठेवले तरी चालते असा नाही. उन्हात तापलेल्या गाडीचा त्या निष्कर्षाशी काही संबंध नाही. पण दोन तास थंडावा कमी पडला म्हणून घाबरून डोस चुकवू नये, एवढे त्यातून नक्की कळते.

बर्फाच्या बाबतीत अशी सूट नाही. घरच्या फ्रीझरमधून काढलेला आईसपॅक उणे १८ अंशांच्या आसपास असतो. त्याला चिकटून ठेवलेले पेन मे महिन्यातही गोठू शकते. म्हणून बॉक्स निवडताना आणि भरताना "जास्त थंड म्हणजे जास्त चांगले" हा समज सोडून द्या.

खरेदीपूर्वी चार प्रश्न

१. सोबत काय न्यायचे आहे? फक्त वापरातले एक पेन, की महिन्याचा न उघडलेला साठाही?
२. घरून निघाल्यापासून भरवशाचा फ्रीज मिळेपर्यंत किती तास जाणार?
३. प्रवास कोणत्या ऋतूत आहे? कोरडा उन्हाळा, दमट पावसाळा की थंडीच्या रात्री?
४. मुक्कामी वीज आणि फ्रीज आहे का?

वापरातले एकच पेन आणि एक दिवसाची सहल असेल, तर तुम्हाला २ ते ८ अंशांची गरजच नाही. ३० अंशांच्या खाली राहणे पुरेसे आहे. न उघडलेला साठा आणि अनेक दिवसांचा प्रवास असेल, तरच खऱ्या फ्रीजचा विचार करावा लागतो.

कोणते पर्याय आहेत?

१) पाण्याने भिजवायची थैली
फ्रायोसारख्या या थैल्यांत पाणी शोषणारे दाणे असतात. थैली थोडा वेळ साध्या पाण्यात भिजवली की दाणे फुगतात. पाणी वाफ होताना थैली थंड राहते, जसा आपला माठ राहतो. बर्फ नाही, वीज नाही आणि गोठण्याची भीतीही नाही. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात ही पद्धत छान चालते आणि आतले तापमान साधारण २५ अंशांच्या आसपास ठेवते. दमट हवेत तिचा परिणाम कमी होतो, पण पावसाळ्यात बाहेरचे तापमानही कमी असते. एक चूक टाळा. थैली प्लास्टिकच्या पिशवीत किंवा बंद डब्यात ठेवू नका, तिला हवा लागली पाहिजे. वापरातल्या पेनसाठी हा सर्वांत सोपा आणि स्वस्त उपाय आहे.

२) आईसपॅकसह छोटा आईसबॉक्स
जाड भिंतीचा आणि घट्ट झाकणाचा २ ते ५ लिटरचा बॉक्स एका रुग्णाच्या औषधांना पुरतो. न उघडलेले इन्सुलिन एक दिवस नेण्यासाठी हा चांगला पर्याय आहे, पण पॅक योग्य प्रकारे तयार करूनच ठेवायचे. ते कसे, हे पुढे दिले आहे. औषधाचा बॉक्स जेवणाच्या बॉक्सपेक्षा वेगळा ठेवा. थंड पाणी आणि ताक यासाठी मोठा बॉक्स दर अर्ध्या तासाने उघडला जातो आणि प्रत्येक वेळी गरम हवा आत शिरते.

३) गाडीच्या सॉकेटवर चालणारा साधा कूलर
दिसायला फ्रीजसारखा, वजनाला हलका आणि स्वस्त. यात कंप्रेसर नसतो, विजेवर थंड होणारी एक पट्टी असते. हा कूलर बाहेरच्या तापमानापेक्षा साधारण १५ ते २० अंशच खाली जाऊ शकतो. गाडीत ४४ अंश असतील तर आत २४ ते २९ राहतील. म्हणजे उन्हाळ्यात तो २ ते ८ अंश देऊ शकत नाही. उलट, थंडीत अंबाबरवा किंवा ज्ञानगंगा अभयारण्याच्या परिसरात मुक्काम असेल आणि रात्री पारा दहा-बारा अंशांवर आला, तर तापमान नियंत्रक नसलेला असा कूलर औषध गोठवण्याइतका थंड होऊ शकतो. खोक्यावर "बाहेरच्यापेक्षा इतके अंश कमी" असे लिहिलेले असेल, तर तो याच प्रकारचा आहे हे ओळखा.

४) कंप्रेसरचा गाडीतला फ्रीज
हा खरा फ्रीज. बाहेर कितीही ऊन असले तरी ठरवलेले तापमान राखतो. न उघडलेला साठा घेऊन अनेक दिवस फिरणाऱ्यांसाठी, टाइप १ मधुमेह असलेल्या मुलासोबत लांबच्या प्रवासाला निघणाऱ्यांसाठी आणि घरात थंड ठेवायची अनेक औषधे असणाऱ्यांसाठी तो उपयोगी आहे. किंमत बरीच असते, अनेकदा घरच्या लहान फ्रीजपेक्षाही जास्त. घ्यायचाच असेल तर तीन गोष्टी पाहा: तापमान आकड्यात ठरवता येते का, बॅटरी उतरण्यापूर्वी तो आपोआप बंद होतो का, आणि घरच्या विजेवरही चालतो का. तापमान ५ अंशांवर ठेवा. हे फ्रीज उणे १८ अंशांपर्यंतही जाऊ शकतात. मुलांनी कुल्फीसाठी बटण दाबले तर शेजारचे इन्सुलिन संपले म्हणून समजा.

५) हॉटेलचा किंवा पाहुण्यांचा फ्रीज
फुकट मिळतो म्हणून विसरू नका. औषध मधल्या कप्प्यात ठेवा. फ्रीझरजवळ किंवा मागच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. त्यावर नाव लिहा आणि निघताना आठवण राहावी म्हणून गाडीची चावी औषधाच्या डब्याजवळ ठेवा.

आईसपॅक कसा तयार करावा?

गावात लसीकरणाला येणाऱ्या नर्सताईंचा खांद्यावरचा छोटा बॉक्स तुम्ही पाहिला असेल. त्यात चार आईसपॅक आणि मधोमध लसी असतात. काही लसी इन्सुलिनप्रमाणेच गोठल्या की निकामी होतात. म्हणून फ्रीझरमधून काढलेले पॅक लगेच बॉक्समध्ये भरत नाहीत. ते बाहेर ठेवून, पॅकला घाम फुटेपर्यंत आणि हलवल्यावर आत पाणी खळखळेपर्यंत वाट पाहतात. बर्फ वितळू लागला की पॅक शून्य अंशाच्या आसपास येतो आणि मग औषध गोठण्याचा धोका खूप कमी होतो.

तुम्हीही हेच करा.

– पॅक फ्रीझरमधून काढून ओट्यावर ठेवा. उन्हाळ्यात अर्धा तासही पुरतो, थंडीत तासापेक्षा जास्त लागू शकतो. घड्याळापेक्षा पॅक हलवून पाहणे महत्त्वाचे.
– पॅक कोरड्या रुमालात किंवा पंचात गुंडाळा.
– इन्सुलिन झाकणाच्या डब्यात ठेवा. डबा आणि पॅक यांच्यात कापडाचा थर असू द्या.
– बर्फाच्या दुकानातला फोडलेला बर्फ औषधाभोवती भरू नका. पाणी आत जाते, लेबल निघते आणि थंडावा एकसारखा राहत नाही.
– पेनला सुई लावून ठेवू नका. तापमान बदलले की औषध गळते किंवा आत हवेचा बुडबुडा तयार होतो.

गाडीच्या बॅटरीचा हिशेब

साधा सॉकेटवरचा कूलर साधारण ६० वॅटचा असतो. १२ व्होल्टच्या गाडीत तो ५ अँपिअर घेतो आणि थांबत नाही. रात्रीचे आठ तास बंद गाडीत चालू ठेवला तर ४० अँपिअर-तास खर्च होतात. छोट्या कारची बॅटरी जवळपास तेवढीच, ३५ ते ४५ अँपिअर-तासांची असते. सकाळी गाडी सुरू होणार नाही. रुग्णाला घेऊन जंगलाच्या कडेला अडकणे हे औषध तापण्याइतकेच गंभीर आहे.

कंप्रेसरचा फ्रीज मधूनमधून बंद होत असल्याने एकूण वीज कमी घेतो, तरी रात्रभर गाडीच्या बॅटरीवर अवलंबून राहू नका. अनेक गाड्यांत चावी काढली की सॉकेटही बंद होते. शेगावला तुम्ही तीन तास दर्शनाच्या रांगेत आहात आणि गाडीतला फ्रीज केव्हाच बंद पडला आहे, असे होऊ शकते. म्हणून फ्रीज असला तरी आत एक तयार केलेला आईसपॅक ठेवा.

बॉक्स गाडीत कुठे ठेवावा?

– मागच्या सीटच्या पायाशी, सावलीच्या बाजूला. डॅशबोर्ड, मागची काच आणि डिकी टाळा.
– एसीच्या झरोक्यासमोर उघडे पेन ठेवून भागत नाही. गाडी उभी राहिली की एसी बंद होतो.
– गाडीतून उतरताना औषधाची पिशवी सोबत घ्या. ती गाडीत सोडायची वस्तू नाही.
– गरजेपेक्षा दुप्पट औषध न्या आणि दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवा. एक हरवली किंवा तापली तर दुसरी कामी येते.
– ग्लुकोमीटर आणि पट्ट्या बर्फाच्या बॉक्समध्ये ठेवू नका. ओल लागली की पट्ट्या चुकीचे आकडे दाखवतात. त्या सावलीत, कोरड्या डबीत ठेवा.

निघण्याआधी घरी चाचणी घ्या

जाहिरातीत "४८ तास थंड" लिहिलेले असते, पण ती चाचणी आपल्या अंगणात झालेली नसते. ती तुम्ही करा. बॉक्स प्रवासाला भरणार तसाच भरा. औषधाच्या जागी पाण्याची छोटी बाटली आणि तापमान नोंदवणारा छोटा डिजिटल थर्मामीटर ठेवा. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त तापमान लक्षात ठेवणारा थर्मामीटर असेल तर उत्तम. प्रवासाला लागतील तितके तास बॉक्स गरम खोलीत ठेवा.

पाण्यात बर्फाचे कण दिसले किंवा तापमान २ अंशांच्या खाली गेले, तर पॅक जास्त थंड होते. न उघडलेल्या साठ्यासाठी तापमान ८ अंशांच्या वर लवकर गेले, तर पॅक कमी पडले किंवा झाकण सैल आहे. एका दिवसाच्या या चाचणीतून महागड्या खरेदीपेक्षा जास्त कळते.

मुक्कामी फ्रीज नसेल तर?

गावाकडे वीज गेली किंवा फ्रीजच नाही, तर माठ वापरा. मोठ्या माठात किंवा कुंडीत ओली रेती भरा. त्यात लहान मडके बसवा आणि औषध कोरड्या बंद डबीत घालून त्या मडक्यात ठेवा. वर ओले फडके झाका. सावलीत, वारा लागेल अशा जागी ठेवून रेती दिवसातून दोनदा भिजवा. कोरड्या हवेत आतले तापमान बाहेरच्यापेक्षा बरेच कमी राहते. वापरातल्या इन्सुलिनसाठी हा उपाय चांगला आहे. शेगावहून पंढरपूरला महिनाभर पायी जाणाऱ्या वारकऱ्यांनाही भिजवायची थैली आणि मुक्कामी ओल्या रेतीचे मडके यांचा आधार घेता येतो. मात्र निघण्यापूर्वी चालण्यानुसार डोस बदलायचा का, हे डॉक्टरांना विचारा.

इन्सुलिन बिघडले हे कसे ओळखावे?

पाण्यासारखे स्वच्छ असणारे इन्सुलिन गढूळ दिसले, त्यात कण किंवा तंतू दिसले, रंग पिवळसर झाला, तर वापरू नका. मुळातच दुधाळ असणारे इन्सुलिन तळहातांत घोळवल्यावर एकसारखे झाले नाही, गाठी राहिल्या किंवा काचेला पांढरा थर चिकटला, तरीही वापरू नका.

पण बिघडलेले इन्सुलिन अनेकदा अगदी चांगले दिसते. नेहमीचा डोस, नेहमीचे जेवण आणि तरी साखर सतत वाढलेली, ही खरी खूण आहे. अशा वेळी नवीन बाटली किंवा पेन सुरू करा. दुसरे लगेच मिळत नसेल, तर शंका आहे म्हणून इन्सुलिन बंद करू नका. साखर वारंवार तपासा आणि डॉक्टरांना फोन करा.

परगावी नवीन इन्सुलिन घ्यावे लागले तर बाटलीवरचा आकडा वाचा. आपल्याकडे बाटल्या बहुधा ४० युनिटच्या आणि पेन १०० युनिटचे असतात. ४० च्या बाटलीला लाल टोपीची सिरिंज, १०० च्या बाटलीला नारिंगी टोपीची. यात अदलाबदल झाली तर डोस अडीचपट जास्त किंवा अडीचपट कमी जातो. जुन्या औषधाचे खोके किंवा त्याचा फोटो सोबत ठेवा.

तातडीने दवाखान्यात कधी जावे?

– वारंवार उलट्या, पोटदुखी, खूप तहान, जोरजोरात श्वास किंवा गुंगी, विशेषतः टाइप १ मधुमेह असलेल्या मुलाला
– दोनदा तपासूनही साखर ३०० च्या वर आणि इन्सुलिनने उतरत नसेल
– साखर ७० च्या खाली जाऊन गोड दिल्यावरही सुधारणा नसेल
– रुग्ण बेशुद्ध होत असेल. अशा वेळी तोंडात काही घालू नका आणि १०८ क्रमांकावर फोन करा.

उन्हात इन्सुलिन शरीरात लवकर शोषले जाते. लोणारच्या विवरात उतरून परत चढणे किंवा उपाशीपोटी रांगेत उभे राहणे, यामुळे साखर अचानक कमी होऊ शकते. ग्लुकोज पावडर किंवा साखर खिशात असू द्या. ती गाडीत राहिली तर उपयोग नाही.

नेहमीच्या शंका

इतर औषधांनाही हेच नियम लागू आहेत का?
डायलिसिसच्या रुग्णांची रक्तवाढीची इंजेक्शने, संधिवाताची काही इंजेक्शने आणि काचबिंदूचे काही थेंबही थंड ठेवावे लागतात. प्रत्येकाची मुदत वेगळी असते. निघण्यापूर्वी औषध विक्रेत्याला किंवा डॉक्टरांना विचारून घ्या.

थंडगार इन्सुलिन लगेच टोचले तर चालते का?
चालते, पण जास्त दुखते. काही मिनिटे बाहेर ठेवून मग टोचा.

थर्मास चालेल का?
आतून कोरडा, रुंद तोंडाचा थर्मास काही तासांसाठी चालतो. आत बर्फ टाकू नका. थंड पाण्याने आतून गार करून, पुसून मग औषध ठेवा.

थोडक्यात

एक दिवसाची सहल आणि वापरातले पेन असेल तर भिजवायची थैली घ्या. न उघडलेला साठा एक दिवस न्यायचा असेल तर छोटा आईसबॉक्स आणि घाम फुटलेले आईसपॅक. अनेक दिवसांचा प्रवास आणि जास्त साठा असेल तर कंप्रेसरचा फ्रीज, ५ अंशांवर. सॉकेटवरचा साधा कूलर पाण्यासाठी ठीक आहे, मे महिन्यात इन्सुलिनचा साठा त्याच्या भरवशावर ठेवू नका. कोणताही बॉक्स घेतलात तरी आत थर्मामीटर ठेवा, औषध बर्फाला टेकू देऊ नका आणि गाडीतून उतरताना ते सोबत घ्या.

ही माहिती सर्वसाधारण आहे. तुमच्या औषधाच्या साठवणीबद्दल आणि डोसबद्दल तुमच्या डॉक्टरांचा सल्ला अंतिम माना.